इंजिनाचा दोष आज्ञेत की धातूत? सॉफ्टवेअर अपडेट आणि सुधारित पार्ट

प्रश्न असा आहे: एखाद्या इंजिनात सगळ्यांना ठाऊक झालेला दोष निघतो, कंपनी रिकॉल किंवा सर्व्हिस बुलेटिन (डीलरसाठी दुरुस्तीची लेखी सूचना) काढते, आणि गाडी नेल्यावर कळतं की फक्त सॉफ्टवेअर अपडेट करून मिळणार आहे. हा खरा इलाज, की नुसती वेळ मारून नेणं? सुधारित पार्टसाठीच अडून बसावं का?

कुठलाही एक उपाय सरसकट चांगला नसतो. दोष आज्ञेत असेल, म्हणजे ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) इंजिनाला चुकीचं काही करायला सांगत असेल, तर सॉफ्टवेअर हाच पूर्ण इलाज आहे आणि पार्ट बदलून काही उपयोग नाही. दोष धातूत, प्लास्टिकात किंवा रबरात असेल, तर सॉफ्टवेअर त्या पार्टवरचा ताण थोडा कमी करू शकतं किंवा तो तुटायच्या आधी ओरडू शकतं. बरा मात्र करू शकत नाही. खरी अडचण तिसऱ्या प्रकारात येते. तिथे पार्ट काठावरचा असतो आणि आज्ञा त्याला काठाबाहेर ढकलत असते. बहुतेक वाद याच प्रकाराचे असतात.

आधी ईसीयूच्या हातात काय काय आहे ते पाहू. इंधन किती आणि कधी फवारायचं, ठिणगी कधी टाकायची, थ्रॉटल किती उघडायचा, टर्बोचा दाब किती ठेवायचा, कॅमशाफ्टचं टायमिंग, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था), रेडिएटरचा पंखा, आणि नव्या इंजिनांत ऑइल पंपाचा दाब व कूलंटचा प्रवाहही. म्हणजे भार, तापमान, मिश्रण आणि वेळ या चारच गोष्टी. घासलेल्या बेअरिंगवर नवा थर चढवणं किंवा ब्लॉकमधला तडा भरणं या यादीत बसत नाही. कोणी सांगितलं की ‘अपडेटने अमुक बिघाड जातो’, तर लगेच विचारा: या चारपैकी काय बदललं? उत्तर मिळालं तर अपडेटचा आवाका कळतो. नाही मिळालं, तर समोरच्यालाही तो ठाऊक नाही.

वरून पूर्ण यांत्रिक दिसणारा बिघाडही निव्वळ आज्ञेचा असू शकतो. माझदाने २०१९ साली अमेरिकेत सुमारे २,६२,००० गाड्या परत बोलावल्या. २.५ लिटरच्या पेट्रोल इंजिनात हलक्या भारावर चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवण्याची सोय होती. त्यासाठी रॉकर आर्मला (वॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीला) टेकू देणारे हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टर ऑइलच्या दाबाने अडकवले-सोडवले जात. कंट्रोल मॉड्यूलच्या प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे ते भलत्या वेळी हलत आणि रॉकर आर्म जागेवरून निसटे. इंजिन थरथरे, ताकद जाई, कधी बंदही पडे. हेड उघडणाऱ्याला आत निखळलेला रॉकर आर्मच दिसणार, आणि तो नवा आर्म बसवून गाडी देणार. पण आज्ञा तीच राहिली तर नवा आर्मही त्याच कारणाने पडणार. इथे प्रोग्रॅम बदलणं हाच इलाज होता. अर्थात, ज्याचा आर्म आधीच पडला होता त्याला दोन्ही कामं लागणार.

आता दुसरं टोक. टोयोटाच्या २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनात ऑइल जळण्याची तक्रार होती, मुख्यतः २००७ ते २००९ च्या गाड्यांत. ऑइल रिंगखालून परत गळायला पिस्टनमधली वाट अपुरी होती. रिंग कार्बनने चिकटत गेली आणि ऑइल वर जळू लागलं. २०११ च्या बुलेटिनमध्ये तपासणीची मर्यादा १,२०० मैलांना एक क्वार्ट, म्हणजे साधारण १,९०० किलोमीटरला ०.९५ लिटर अशी होती. त्यापुढे गेलेल्या इंजिनात सुधारित पिस्टन आणि रिंग बसवले जात. कुठलंही कॅलिब्रेशन (ईसीयूमधल्या आकड्यांची मांडणी) पिस्टनमधलं भोक मोठं करू शकत नाही. पोर्शेच्या एम९६ इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या (क्रँककडून कॅमकडे गती नेणाऱ्या मधल्या दांड्याच्या) बेअरिंगचंही तसंच. एम९७ मध्ये ते मोठं केलं आणि २००९ च्या नव्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला. डिझाइन बदलणं म्हणजे काय ते इथे दिसतं: आधी पार्ट मजबूत केला, मग तो लागणारच नाही अशी रचना केली.

फोर्डच्या काही इकोबूस्ट इंजिनांत दोन सिलिंडरांमधल्या अरुंद भिंतीवर, ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावर, कूलंटसाठी खाच पाडलेली होती. हेड गॅस्केटला टेकायला तिथे जागा कमी राहते. तापून-थंडावून गॅस्केट तिथे दगा देतं आणि कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं. पुढच्या ब्लॉकमध्ये खाच जाऊन आतून तिरकं भोक आलं. जुन्या ब्लॉकवर नवं गॅस्केट लावणं म्हणजे तोच खड्डा पुन्हा झाकणं. म्हणून अशा ठिकाणी शॉर्ट ब्लॉकच (हेड सोडून क्रँक-पिस्टनसह खालचं इंजिन) बदलायला हवा, नुसत्या गॅस्केटवर राजी होऊ नका.

या दोन टोकांमध्ये येतं राखणदार सॉफ्टवेअर. ह्युंदाई-कियाच्या थिटा २ इंजिनांत क्रँकशाफ्टच्या ऑइलमार्गात मशिनिंगचा चुरा राहून कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जात. पहिला मोठा रिकॉल २०१५ मध्ये झाला, दुसरा २०१७ मध्ये. त्यानंतर लाखो गाड्यांत नॉक सेन्सरवर (इंजिनाचे कंप टिपणाऱ्या सेन्सरवर) कान ठेवणारं सॉफ्टवेअर घातलं गेलं. बेअरिंग सैल होताना रॉडचा जो विशिष्ट कंप उठतो तो ओळखून पी१३२६ हा दोष-कोड टाकायचा, चेक इंजिनचा दिवा लुकलुकवायचा आणि इंजिनाचा वेग बांधून ठेवायचा. रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊन आग लागण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि माणसाचा जीव वाचवणाऱ्या उपायाला मी कमी लेखणार नाही. पण याने बेअरिंगचं आयुष्य एका किलोमीटरनेही वाढत नाही. म्हणूनच सॉफ्टवेअरसोबत बेअरिंगची वाढीव वॉरंटीही दिली गेली. हे अपडेट म्हणजे धूर ओळखणारी घंटा आहे. घंटा लावून घ्या, पण घर दुरुस्त झालं असं समजू नका.

फोर्डच्या १.५ लिटर तीन-सिलिंडर इंजिनाचा प्रवास याहून बोलका आहे. इंजेक्टरला तडा जाऊन पेट्रोल गरम भागांवर सांडण्याचा धोका होता. नोव्हेंबर २०२२ च्या रिकॉलमध्ये सुमारे ५,२२,००० गाड्या होत्या. उपाय असा: इंधन रेलमधला दाब अचानक पडला तर ओळखणारं सॉफ्टवेअर, आणि सांडलेलं पेट्रोल गरम भागापासून दूर नेणारी निचरा नळी. इंजेक्टर सगळ्यांचे बदलले नाहीत, ज्यांचे तडकतील त्यांच्यासाठी वॉरंटी वाढवली. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा यंत्रणेने हा उपाय पुरेसा आहे का याची चौकशी २०२४ मध्ये सुरू केली, आणि जुलै २०२५ मध्ये जवळपास ६,९४,००० गाड्यांचा रिकॉल पुन्हा काढावा लागला. दाब पडल्याचं सॉफ्टवेअरला कळतं तेव्हा तडा गेलेला असतो. गळती सुरू झाल्यावरच जागा होणारा उपाय गळतीचं कारण काढत नाही.

मिश्र प्रकाराचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनच्या ईए१८९ डिझेल इंजिनांची युरोपातली दुरुस्ती. सप्टेंबर २०१५ मध्ये उत्सर्जनातली लबाडी उघड झाली. त्यानंतर २.० लिटरला फक्त सॉफ्टवेअर मिळालं. १.६ लिटरला मात्र सॉफ्टवेअरसोबत एअर मास सेन्सरच्या पुढे प्लास्टिकची एक जाळी बसवली. कारण साधं आहे. सेन्सरपाशी हवा भोवरे घेत येत असेल तर मोजणी डळमळते, आणि मोजणी डळमळली की ईजीआर व इंधनाचं बारीक नियंत्रण शक्य नाही. जाळीने हवा सरळ केली आणि मग सॉफ्टवेअरला भरवशाचा आकडा मिळाला. सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी त्याला कळतं ते सेन्सरच्या डोळ्यांनीच.

त्याच कंपनीच्या २०१५ च्या २.० लिटर डिझेलला अमेरिकेत मात्र आधी सॉफ्टवेअर आणि नंतर नवा पार्टिक्युलेट फिल्टर (काजळी अडवणारा) व नवे कॅटॅलिस्ट (धुरावर रासायनिक प्रक्रिया करणारे), अशा दोन टप्प्यांत जावं लागलं. युरोपच्या युरो ५ नियमात नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला १८० मिलिग्रॅम, तर अमेरिकेत मैलाला ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला साधारण ४३ मिलिग्रॅम. इतकी कडक मर्यादा नुसत्या आज्ञेने गाठता येत नाही, रसायन करणारा पार्टही तेवढा मोठा लागतो. युरोपात दुरुस्तीनंतर ईजीआर वॉल्व्ह चोंदण्याच्या तक्रारी बऱ्याच झाल्या. कंपनीने पुढे ठरावीक पार्टसाठी २४ महिन्यांची, २,५०,००० किलोमीटरपर्यंतची हमी दिली. सॉफ्टवेअर एका पार्टचं ओझं काढतं तेव्हा ते बहुधा दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतं. हे अपडेट घेतानाच लक्षात ठेवावं.

आणि एक तिसरी वाट असते, तिचा विसर पडू देऊ नका: ऑइल. जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही८ चा एप्रिल २०२५ चा रिकॉल अमेरिकेत सुमारे ५,९८,००० गाड्यांचा. क्रँकशाफ्ट आणि रॉडमधला चुरा, क्रँकच्या मापातले आणि पृष्ठभागातले दोष ही कारणं. तपासणीत नापास झालेलं इंजिन दुरुस्त करायचं किंवा बदलायचं. पास झालेल्यांना ०डब्ल्यू-२० ऐवजी ०डब्ल्यू-४० ऑइल, नवा फिल्टर आणि ऑइल भरायचं नवं झाकण. उच्च तापमान आणि मोठ्या घर्षणवेगात २० ग्रेडची किमान चिकटाई २.६ मिलिपास्कल-सेकंद, ०डब्ल्यू-४० ची ३.५. म्हणजे बेअरिंगमधला ऑइलचा पडदा जाड होतो आणि खडबडीत जर्नलची (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाची) टोकं बेअरिंगला टेकण्याची शक्यता घटते. हा उपाय काठावरच्या इंजिनाला वाचवू शकतो. ज्याचं बेअरिंग आधीच ओरखडलं आहे त्याला नाही.

बेअरिंगच्या बाबतीत सॉफ्टवेअर इतकं तोकडं का, हे एका आकड्याने कळेल. ८० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. टर्बो इंजिनात ज्वलनाचा कमाल दाब १०० बार धरला तर पिस्टनवर क्षणभर ५ टनांच्या आसपास भार येतो, आणि तो सगळा काही मायक्रॉन जाडीच्या ऑइलच्या पडद्यावर पेलला जातो. अपडेटने कमाल टॉर्क १० टक्के उतरवला तरी भार टनांतच राहतो. आणि वीस मायक्रॉनचा लोखंडी कण पडद्यापेक्षा जाड असेल तर भार साडेचार टन की पाच, याने त्याला फरक पडत नाही. तो ओरखडा काढणारच.

याउलट जिथे दोष एका विशिष्ट परिस्थितीतच उद्भवतो, तिथे सॉफ्टवेअर खरोखर मोलाचं ठरतं. छोट्या टर्बो डायरेक्ट-इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएमवर, साधारण १,५०० ते २,५०० च्या पट्ट्यात, जोराने पेडल दाबलं की ऑइल-पेट्रोलचा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगीच्या आधीच पेट घेतो. एकदोन जबर धक्क्यांत पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते. इथे त्या पट्ट्यातला टॉर्क कमी करणं, मिश्रण थोडं गडद करणं, इंधन दोन हप्त्यांत फवारणं हे सगळं आज्ञेचं काम आहे आणि ते उपयोगी पडतं. सोबत योग्य ऑइल हवं. कॅल्शियमयुक्त डिटर्जंट या प्रकाराला खतपाणी घालतात हे लक्षात आल्यावर २०१८ मध्ये अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा (एपीआय) एसएन प्लस हा ऑइलचा दर्जा आला, त्यानंतर २०२० मध्ये एसपी. सॉफ्टवेअर आणि ऑइल हे दोन्ही कड तुटण्याआधी मिळाले तरच त्यांचं चीज होतं. तुटलेल्या कडेवर अपडेट घातलं तर फक्त ताकद कमी झालेलं, तरीही ऑइल जाळणारं इंजिन हातात येतं.

होंडाच्या १.५ लिटर टर्बोचंही असंच. थंड हवेत छोट्या फेऱ्या मारल्या की पेट्रोल ऑइलमध्ये उतरायचं आणि डिपस्टिकवरची पातळी चढायची. तिथे थंड प्रदेशांतल्या गाड्यांसाठी मुख्यतः सॉफ्टवेअर बदललं आणि वॉरंटी वाढवली. इंजिन लवकर तापलं, तर भिंतीवरचं पेट्रोल कमी खाली उतरतं. कारण परिस्थितीचं असल्याने उपायही परिस्थिती बदलणारा. पण रोज दोन किलोमीटर चालवून गाडी बंद करणाऱ्याला कुठलंही अपडेट पूर्ण मोकळं करणार नाही. अशाने ऑइल लवकर बदलावं.

तर, तुमच्या हातातलं अपडेट यातलं कुठलं हे कसं ओळखायचं?

माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण एकच: कारखान्याने नव्या इंजिनांत काय बदललं ते पाहा. नवीन गाड्यांत त्याच पार्टचा क्रमांक बदलला असेल, बुलेटिनमध्ये ‘अमुक इंजिन क्रमांकापासून पुढे सुधारित’ असं लिहिलं असेल, आणि जुन्या गिऱ्हाइकाला फक्त सॉफ्टवेअर मिळत असेल, तर ते सॉफ्टवेअर तात्पुरता आधार आहे. नव्या गाड्यांत पार्ट जुनाच आणि कॅलिब्रेशन तेवढं बदललं असेल, तर दोष खरोखर आज्ञेत होता असं मानायला जागा आहे. हे तपासायला पार्ट कॅटलॉग पुरतो. क्रमांकाच्या शेवटचं अक्षर किंवा आकडे बदलत जातात आणि जुना क्रमांक कशाने बदलला हे तिथे लिहिलेलं असतं. एक सावधगिरी: क्रमांक बदलला म्हणजे सुधारणाच झाली असं नाही. पुरवठादार बदलला, पॅकिंग बदललं, दोन पार्ट एकत्र केले, तरी क्रमांक बदलतो. नवा आणि जुना पार्ट शेजारी ठेवून पाहा. टेन्शनरला नवी अडकण आली का, गाइडचं प्लास्टिक वेगळं आहे का, भोकाची जागा हलली का. डोळ्यांना आणि व्हर्नियरला काहीच फरक दिसत नसेल तर धातू किंवा प्रक्रिया बदललेली असू शकते, आणि मग लेखी खुलासा मागावा.

दुसरी खूण म्हणजे बुलेटिनमधली क्रियापदं. ‘नियंत्रण सुधारलं’, ‘टायमिंग दुरुस्त केलं’ असं असेल तर तो इलाज. ‘ओळखण्याची क्षमता वाढवली’, ‘चालकाला सूचना’, ‘संरक्षण मोड’ असं असेल तर ती राखण. ‘कोड उमटण्याची मर्यादा बदलली’ असं असेल तर दोनदा वाचा. कधी मर्यादा मुळातच नाजूक असते आणि ती सैल करणं योग्य असतं, पण कधी दिवा विझतो आणि आजार तसाच राहतो.

अपडेट घालण्याआधीची नोंद हे असं काम आहे जे कोणी करत नाही आणि नंतर सगळ्यांना हवं असतं. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या निदान-सॉकेटला जोडायचं यंत्र) घ्या आणि त्यातल्या सेवा ०९ या भागातून कॅलिब्रेशन आयडी व पडताळणी क्रमांक लिहून ठेवा. अपडेटनंतर हेच पुन्हा पाहा. आयडी तोच असेल तर अपडेट झालेलंच नाही, बिलावर काही का लिहिलेलं असेना. सोबत कोड, फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाचे आकडे), इंजिन गरम असताना आयडलवर आणि २,५०० आरपीएमवर शॉर्ट व लाँग फ्यूएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली तात्पुरती व शिकलेली दुरुस्ती, टक्क्यांत). दोघांची बेरीज अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर ठीक, १० च्या पुढे गेली तर कारण शोधायला हवं. आयडलवर बेरीज मोठी अधिक आणि २,५०० वर जवळपास शून्य असेल तर कुठून तरी हवा शिरते आहे. त्यावर सॉफ्टवेअर घालणं व्यर्थ. आधी होज आणि गॅस्केट पाहा.

मग यांत्रिक तब्येत. ऑइल जळण्याची शंका असेल तर सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केल्यावर दहा मिनिटांनी ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, झाकण आणि डिपस्टिक सील करा, किलोमीटर लिहा. हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, तसंच गरम करून, तेवढंच थांबून पाहा आणि खुणेपर्यंत यायला किती लागलं ते मोजपात्राने मोजा. काही उत्पादकांची मर्यादा हजार किलोमीटरला ०.५ लिटर आहे, तुमच्या इंजिनाची पुस्तिकेत बघा. कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडर किती दाब धरतो त्या मोजणीत) सर्वांत कमी सिलिंडर सर्वांत जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली नसावा. लीकडाऊनमध्ये (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजताना) २० टक्क्यांवर गळती असेल तर हवा कुठून येते ते ऐका: ऑइल भरायच्या तोंडातून येत असेल तर रिंग, सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, थ्रॉटलमधून येत असेल तर इन्टेक वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे असतील तर गॅस्केट किंवा तडा.

कूलंट कमी होतं आणि बाहेर थेंब नाही, तर थंड इंजिनावर कूलंट यंत्रणेत झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून काही तास तशीच ठेवा, मग स्पार्क प्लग काढून बोरस्कोपने (भोकातून आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) प्रत्येक पिस्टनचं डोकं बघा. एकच पिस्टन धुतल्यासारखा चकचकीत दिसला तर तो सिलिंडर पाणी पितो आहे. बेअरिंगसाठी ऑइल फिल्टर कापून कागद पिळून उन्हात धरा. चुंबक पुरत नाही, कारण बेअरिंगचं तांबं आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. तांबूस किंवा रुपेरी चमक दिसली तर अपडेटची चर्चा तिथेच थांबवा.

ही तपासणी अपडेटच्या आधी का हवी? एक तर आज्ञा बदलल्यावर लक्षणं बदलतात आणि खरं कारण झाकलं जातं. दुसरं, अपडेटमध्ये शिकलेली मूल्यं पुसली जातात. लाँग ट्रिम शून्यावर येते, थ्रॉटल नव्याने शिकतो, मिसफायर ओळखण्यासाठीची क्रँकची नोंद पुन्हा होते. त्यामुळे पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी हलकी आणि छान वाटते, आणि मूळ दोष तसाच असेल तर हळूहळू जुनी रड परत येते. म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी देऊ नका. सगळे रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या) पूर्ण होऊ द्या, इंधनाच्या निदान दोन टाक्या जाऊ द्या, ज्या परिस्थितीत दोष यायचा, म्हणजे थंड सुरुवात, चढ किंवा पूर्ण भार, ती परिस्थिती येऊ द्या आणि मग आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा.

फ्लॅश करताना, म्हणजे ईसीयूत नवा प्रोग्रॅम लिहिताना, घोळ होतो तो बहुधा विजेचा. इग्निशन चालू ठेवून अर्धा तास मॉड्यूल जागे, पंखा मधेच सुरू होतो, बॅटरी १२ व्होल्टखाली जाते आणि लिहिणं अर्ध्यात तुटतं. साधा चार्जर नको, त्याच्या व्होल्टेजमध्ये लहरी असतात. स्थिर पुरवठा देणारा, १३ ते १४ व्होल्ट पकडून ठेवणारा आणि ५० ॲम्पिअर किंवा जास्त देऊ शकणारा लावावा. दिवे, एसी, ब्लोअर बंद, दारं बंद, लॅपटॉप भिंतीच्या विजेवर, वायरलेसऐवजी केबल. अर्ध्यात तुटलं तरी घाबरून ईसीयू फेकू नका. मूळ बूट भाग शाबूत असेल तर बेंचवर पुन्हा लिहिता येतं. डिझेलमध्ये ईसीयू बदलला किंवा पूर्ण पुसला गेला तर इंजेक्टरचे कोड आणि पार्टिक्युलेट फिल्टरचा काजळीचा हिशेब पुन्हा भरावा लागतो. तो राहिला तर इंजिन ठोकतं किंवा फिल्टरमधली काजळी भलत्या वेळी जाळायला घेतं, आणि दोष मात्र ‘वाईट अपडेट’वर जातो.

सुधारित पार्ट बसवला म्हणजे निर्धास्त, असंही नाही. नवा इंजेक्टर, नवा ऑइल पंप, नवा टर्बो किंवा बदललेला कॅम फेजर (कॅमशाफ्टचं टायमिंग पुढेमागे करणारा पार्ट) यांच्यासाठी वेगळं कॅलिब्रेशन लागू शकतं. पार्ट नवा आणि आज्ञा जुनी असली की आयडल डळमळतं, कोड येतात, आणि चांगला पार्ट वाईट ठरतो. बुलेटिनमध्ये दोन्ही लिहिलं असेल तर दोन्ही करा, क्रमही तोच ठेवा.

बेअरिंग गेलेल्या इंजिनाच्या जागी नवं इंजिन बसवताना घात होतो तो जुन्या चुऱ्याचा. ऑइल कूलरच्या अरुंद वाटांमधला चुरा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही, म्हणून कूलर नवाच घ्यावा. टर्बोच्या ऑइल नळ्या, कॅम सोलेनॉइडच्या जाळ्या, पकडलेला चुरा असलेला कुठलाही पार्ट जुन्या इंजिनातून नव्यात नेऊ नका. ताणून कसायचे बोल्ट, म्हणजे ज्यांना टॉर्कनंतर अंशांत फिरवायचं असतं ते, नवेच लागतात. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी इंधन बंद ठेवून स्टार्टरने फिरवून ऑइलचा दाब येऊ द्या, पण सलग दहा सेकंदांहून जास्त नको, मधे स्टार्टरला थंड होऊ द्या. हजार किलोमीटरच्या आत पहिलं ऑइल बदला आणि तो फिल्टरही कापून पाहा.

टायमिंग चेनच्या कामात तर अर्धवटपणा सर्रास चालतो. सुधारित टेन्शनर आला म्हणून तेवढाच बदलतात आणि ताणलेली चेन तशीच ठेवतात. नवा टेन्शनर आधीच अर्धा बाहेर येऊन बसतो, आणि वर्षभरात कॅम-क्रँक ताळमेळाचा पी००१६ कोड परत येतो. चेन, गाइड, टेन्शनर एकत्र बदला, आणि दात झिजले असतील तर स्प्रॉकेटही. इथे कधीकधी अपडेटही येतं, त्याने फेजरच्या चुकीची मर्यादा सैल होते. ताणलेल्या चेनवर ते घेऊ नका. ती मर्यादा चेन दात सोडण्याआधीचा शेवटचा इशारा आहे.

आता सर्व्हिस सेंटरसमोर नेमकं काय करायचं. तपासणीत यांत्रिक नुकसान दिसलं नाही आणि बुलेटिन आज्ञा सुधारत असेल तर अपडेट निःशंक घ्या. राखणदार अपडेट असेल तरीही घ्या, पण त्या पार्टवरची वाढीव वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर आणि कोणत्या नुकसानीपर्यंत हे लेखी मागा. फक्त बेअरिंग, की त्यामुळे गेलेलं पूर्ण इंजिन आणि टर्बोसुद्धा, हा तपशील महत्त्वाचा आहे. टॉर्क किंवा मायलेज कमी होणार का हे विचारा आणि उत्तर जॉब कार्डवर लिहून घ्या. तपासणीत नुकसान दिसलं तर अपडेटवर सही करण्याआधी आकडे, फोटो आणि कापलेल्या फिल्टरचा कागद त्यांच्याकडे नोंदवा. अपडेटनंतर इंजिन गेलं तर वाद नेमका इथेच होतो: नुकसान आधीचं की नंतरचं. तारीख घातलेला लीकडाऊनचा एक कागद हा वाद मिटवतो.

वॉरंटी संपलेली असेल आणि खर्च स्वतःचा असेल तर क्रम असा. वरची नोंद करून अपडेट पार्टच्या आधी घ्या, ते स्वस्त आहे आणि दोष आज्ञेत असेल तर तिथेच संपतो. दोन टाक्यांनंतर आकडे हलले नाहीत तर पार्टकडे वळा. याला दोनच अपवाद. ऑइलमध्ये धातूची चमक, किंवा सिलिंडरमध्ये कूलंट. या दोन्हीत वाट पाहण्याचा प्रत्येक किलोमीटर दुरुस्तीचं काम वाढवतो, त्यामुळे गाडी तिथेच उभी करा आणि टो करून न्या.